हवा कोणाच्या नावावर

काकांनी त्या शुक्रवारी माईक का बंद केला नाही, ते आता मला ठाऊक आहे. तरी अजून विश्वास बसत नाही. कारण माईक बंद करण्यात त्यांचा हात धरणारा माणूस अख्ख्या मस्कतमध्ये नव्हता.

ही गोष्ट दहा-बारा वर्षांपूर्वीची. मी तेव्हा वादी कबीरला राहत होते आणि शाळेत शिकवत होते. सुट्टीच्या दिवशी, म्हणजे शुक्रवारी सकाळी, अझैबातल्या एका खाजगी एफएम स्टेशनवर मराठीचा एक तास करायला जात असे. स्टेशन हिंदी गाण्यांचं. गाड्यांच्या शोरूमच्या वर दोन खोल्या आणि एक काचेची केबिन, एवढा सगळा संसार. मालक एक वयस्कर ओमानी गृहस्थ, परवाना त्यांच्या नावावर, म्हणून सगळे त्यांना अर्बाब म्हणत. चालवणारा मॅनेजर दिल्लीचा. आणि काचेपलीकडे, यंत्राच्या खटक्यांवर हात ठेवून बसलेले काका. सत्तरी ओलांडलेले, मूळचे गोव्याच्या पेडण्याचे, एसीत कुडकुडत असल्यासारखे भर जूनमध्ये स्वेटर घातलेले. एका कानात कायम छोट्या रेडिओचा इअरफोन. आपण बोलतो ते हवेत खरोखर जातंय का, हे ते त्या कानाने तपासत आणि दुसऱ्या कानाने जगाचं ऐकत. दुसऱ्या कानाचं काम त्यांना विशेष आवडत नसावं.

संक्रांतीला मी एका डॉक्टरीणबाईंना बोलावलं होतं. तिळाचे गुण सांगता सांगता त्या मधुमेहाच्या गोळीवर घसरल्या. गोळीचं नाव त्यांच्या तोंडून पुरतं बाहेर पडायच्या आत काकांनी माईक बंद करून गाणं लावलं. बाईंना पत्ताच नाही. त्या हसतमुखाने बोलत राहिल्या, गोळी कधी घ्यावी, अर्धी केव्हा करावी. मी त्यांना थांबवलं तेव्हा त्या माझ्याकडे अशा बघायला लागल्या की मला काचेत तोंड लपवावंसं वाटलं.

"काका, निदान मला खूण तरी करायची."

"औषधाचं बोलायला वेगळी परवानगी लागते, बाई. खूण करीपर्यंत परवाना जातो."

मला ते शाळेतली म्हणून 'बाई' म्हणत. डॉक्टरीणबाईंच्या नवऱ्याने तक्रार केली, मॅनेजरने तक्रार ऐकून घेतली आणि वर मलाच दम भरला. म्हणाला, "आप के घंटे में एक बार और गड़बड़ हुई, तो घंटा बंद. लाइसन्स पे मैं रिस्क नहीं लूँगा." तेव्हापासून मराठीचा तास आणि मी दोघंही दोरीवर चालत होतो. काकांना त्याचं सुख होतं की दुःख, हे त्यांच्या स्वेटरवरून कळायला मार्ग नव्हता.

त्यांचं एक वाक्य ठरलेलं. कुठलीही वस्तू, दुकान, गाडी, माणूस दाखवा, काका विचारणार, "नाव कोणाचं?" रुईला एका नाशिककराने मिसळीचं हॉटेल काढलं, त्याच्या उद्घाटनाला आम्ही गेलो होतो. बिचारा नारळ हातात घेऊन उभा, बायको ओवाळतेय, आणि काका पुढे होऊन विचारतात, "परवाना कोणाच्या नावावर आहे?" नाशिककराचा चेहरा उतरला. तिथे कुणालाही हा प्रश्न विचारायचा नसतो. हॉटेल तुमचं, पैसा तुमचा, घाम तुमचा, आणि कागद तिथल्या नागरिकाच्या नावावर. बहुतेक अर्बाब देवमाणसं असतात. पण प्रत्येक मराठी मंडळात एखादा तरी असतो, ज्याचा अर्बाब देवमाणूस निघाला नाही. तो कार्यक्रमाला मागच्या रांगेत बसतो आणि कुणाशी फारसं बोलत नाही. मी काकांना कोपराने ढोसलं. ते शांतपणे मिसळ खायला बसले, आणि वर तर्री कमी आहे म्हणाले.

स्वतःच्या नावावर मात्र त्यांनी काडी ठेवली नव्हती. हमरियात दोन खोल्यांत एकटे राहत. भाडेचिठ्ठी शेजारच्या शिंप्याच्या नावावर. दारावर पाटी आधीच्या भाडेकरूची, कुणा थॉमसची. पाणीवाला त्यांना थॉमस अंकल म्हणे आणि काका ओ देत. गाडी एका गॅरेजवाल्याच्या नावावर. मोबाईलचं सिमकार्ड तर माझ्या नावावर होतं. कसं झालं ते मलाही सांगता येणार नाही. दुकानात त्यांनी मला ओळखपत्र काढायला सांगितलं आणि मी काढलं. घरी कळल्यावर माझा नवरा म्हणाला, "लोक नावावर प्लॉट घेतात, तू म्हातारा घेतलास." मी हसले, पण मनातून चरकले होते. सत्तर वर्षांच्या शहाण्या माणसाला स्वतःच्या नावाची एवढी कसली भीती असावी?

आणि दुसरी गोष्ट, जिने मी खरी हादरले होते. काका माईकपुढे बोलत नसत. रेडिओत उभा जन्म घालवलेला माणूस, पण 'हॅलो, टेस्टिंग' एवढंसुद्धा नाही. माईक तपासायचा तर चहाच्या ग्लासावर चमचा वाजवत. एका शुक्रवारी माझा घसा साफ बसला होता. जाहिरात वाचायची बाकी, हमरियातल्या कपड्यांच्या दुकानाची, चार ओळींची. मी कागद त्यांच्यापुढे धरला आणि हात जोडले. काकांचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी एकामागून एक गाणी लावून दिली, उठले आणि खाली पार्किंगमध्ये जाऊन उन्हात उभे राहिले. वरून खिडकीतून मला त्यांचं स्वेटर दिसत होतं. मला राग आला होता आणि घाबरायलाही झालं होतं. चार ओळींसाठी कुणी असं करतं?

त्यांच्याविषयी आम्हाला काय माहीत होतं? मोझांबिकमध्ये, एका बंदराच्या गावी त्यांचं बालपण गेलं. तिथे पोर्तुगिजांचं राज्य होतं आणि त्यांच्या वडिलांचा रेडिओ स्टेशनशी संबंध होता. काका यावर एकदाच बोलले होते, तेही मीच खोदून विचारलं म्हणून.

"स्टेशन एकांचं होतं, परवाना दुसऱ्याच्या नावावर. मग एक दिवस वेळ आली."

"मग?"

"मग काय. गेलं."

एवढ्यावर आम्ही सगळी कथा रचली. आखातात राहणाऱ्या मराठी माणसाला दुसरी कथा सुचणारच नाही. हिंदू माणसाने कष्ट करून स्टेशन उभारलं, परवाना कुणा गोऱ्याच्या नावावर होता, गोऱ्याने वेळ येताच लाथ मारली. 'नाव कोणाचं' हा प्रश्न त्यातूनच आला, नावाची भीतीही त्यातूनच आली. सगळं कसं चोख बसत होतं. मंडळात हळूहळू काकांच्या वडिलांचा रेडिओचे आद्य पुरुष म्हणून उल्लेख होऊ लागला. काका खाली मान घालून ऐकत. आम्ही त्याला विनय समजत होतो.

त्या विनयाचा सत्कार करायचा, असं आम्ही ठरवलं. कारणही चालून आलं. ज्या दुकानाची जाहिरात काकांनी वाचली नव्हती, ते दुकान दाभोळकडच्या परकारांचं. परकारांचे वडील गावाहून तीन महिन्यांसाठी आले होते. सगळे त्यांना परकारचाचा म्हणत. बोलता बोलता कळलं, चाचाही लहानपणी त्याच बंदराच्या गावी होते. मी त्यांना सांगितलं की त्या रेडिओ स्टेशनवाल्या गोवेकरांचा मुलगा आमच्याकडे आहे, त्याच्या वडिलांविषयी चार शब्द बोलाल का? चाचांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "येतंय मी. बोलतंय." मला वाटलं, त्यांचं मन भरून आलं असेल.

काकांना मी काही सांगितलं नव्हतं. शुक्रवारी सकाळी चाचांना समोर बसवून मी एवढंच म्हणाले की आफ्रिकेत राहिलेले पाहुणे आहेत. काकांनी विचारलं, "कुठल्या गावचे?" मी गावाचं नाव सांगितलं. ते काचेतून चाचांकडे बघत राहिले. मग इअरफोन कानात नीट बसवला आणि म्हणाले, "बसवा. पाणी द्या त्यांना." त्यांना तेव्हाच कळलं होतं, हे मला आज कळतं. अडवायचं असतं तर दारातच अडवता आलं असतं.

तास सुरू झाला. आधी समुद्राचं, काजूच्या झाडांचं, मग रेडिओ कसा होता ते चाचा सांगू लागले.

"तिकडं रेडिओ सरकारचा नव्हता. सरकार बोलला, आमी नाय चालवत. क्लब काढा, परवाना घ्या, तुमचा तुमी चालवा. पण परवाना पोर्तुगीज माणसालाच. आमी इंडियाचे. माझ्या बापानं पैसे घातलान, कच्छी शेटांनी घातलानी, मशीन बोटीनं आणलानी. नाव कुणाचं लावायचं? एक गोवेकर व्हता, चांगला माणूस, सगळे त्याला मानायचे. गोवेकर म्हंजे कागदावर पोर्तुगीज. त्याच्या नावावर परवाना घेतलानी."

आमच्या कथेतला लुबाडलेला बाप हा नव्हताच. परवाना ज्याच्या नावावर, तो हा होता. मी काचेकडे बघितलं. काका खटक्यावर हात ठेवून बसले होते, इअरफोन कानातून काढलेला, डोळे चाचांवर.

"बरीच वर्सं बरा चालला," चाचा म्हणाले. "संध्याकाळी आमच्या भाषेचा एक तास. मग इंडियानं गोवा घेतलान. पोर्तुगीज भडकला. हुकूम काढलान, इंडियाच्या सगळ्या माणसांनी छावणीत हजर व्हायचं, घरं-दुकानं सील. हुकूम कुठनं आयकला आमी? आमच्याच रेडिओवरनं. आमच्याच भाषेत. एकेक नाव घेऊन. माझ्या बापाचं नाव घेतलान. परवान्यात अट व्हती म्हणे, सरकार देईल ते वाचायचं, नायतर परवाना जाईल. परवान्यासाठी वाचलान त्यानं. ज्याच्यावर इश्वास ठेवला, त्यानं. बाप माझा छावणीतनं आला तो हाडं घेऊन आला. गावाला पोचून महिना नाय काढलान. आज त्या माणसाचा सत्कार हाय, म्हणून आलो. बेइमान व्हता तो, एवढंच सांगायला आलो."

सरकार, हुकूम, छावणी, शिवी. यातलं एक जरी डॉक्टरीणबाईंच्या तोंडून निघालं असतं तर काकांनी अर्ध्या शब्दावर छाटलं असतं. मी त्यांच्याकडे बघून गळ्यावरून हात फिरवला. कापा, काका, कापा. मराठीचा तास गेला, त्याहीपेक्षा तुमचे वडील जातायत. काकांनी माझ्याकडे बघितलं आणि हात खटक्यावरून उचलला. मग ते उठले, दार उघडून आत आले, चाचांसमोरच्या खुर्चीवर बसले. इअरफोन खिशात ठेवला, कारण तो कानात असला की आपलाच आवाज परत येतो आणि माईकवर बोलता येत नाही. आणि माईक आपल्याकडे ओढला.

मी त्यांचा आवाज दर शुक्रवारी ऐकत होते, पण हा मी ऐकलेला नव्हता. खोल, सावकाश, प्रत्येक अक्षर सुटं. हा माणूस जन्मजात वाचणारा होता.

"एक दुरुस्ती आहे," ते म्हणाले. "हे सांगतात ते सगळं खरं आहे. पण नावं माझ्या वडिलांनी वाचली नाहीत. हुकूम सकाळी आला. वडील म्हणाले, ही माणसं माझ्या भरवशावर आहेत, मी वाचणार नाही, परवाना जाऊ दे. स्टेशनला कुलूप लावून ते घरी गेले. दुसरी किल्ली माझ्याकडे होती. मी एकोणीस वर्षांचा होतो. परवाना गेला तर आपण रस्त्यावर येऊ, एवढंच मला दिसत होतं. संध्याकाळी मी कुलूप उघडलं, मशीन चालू केलं आणि वाचलं. वडिलांचा आणि माझा आवाज सारखा होता. लोकांना वाटलं, तेच."

चाचांची नजर काकांच्या तोंडावरून हलत नव्हती. कार्यक्रम माझा, पाहुणा माझा, आणि मी हातातला कार्यक्रमाचा कागद उलटा ठेवला.

"लोक रस्त्यात त्यांच्या तोंडावर थुंकले," काका म्हणाले. "ते कुणाला म्हणाले नाहीत की मुलाने वाचलं. माझ्याशीही पुन्हा बोलले नाहीत. मरेपर्यंत."

"परवाना ऱ्हायला?" चाचांनी विचारलं.

"नाही. काही महिन्यांत सरकारने काढून घेतला."

चाचांनी पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिता खाली ठेवला. "गोऱ्यानं वाचलान असता तर आमची नावं आमालाच कळली नसती," ते म्हणाले. "वाकडीतिकडी वाचायचा तो. माझा बाप बोलला असता, हा मी नव्हे, आणि घरी बसला असता. बोटीत बसवून धाडला असता त्याला कुणीतरी. तू चांगला वाचलास."

"हो," काका म्हणाले.

तेवढ्यात दार उघडलं. पलीकडच्या खोलीत प्रक्षेपणाचं यंत्र सांभाळणारा पोरसवदा ओमानी तंत्रज्ञ उभा होता, घाबरलेला. म्हणाला, "मॅडम, मॅनेजर का फोन आया घर से. मैं ने कब का गाना लगा दिया. आप लोग हवा पे नहीं जा रहे."

छताखालचा लाल दिवा फक्त आमच्या माईकचा, तो जळतच होता. काकांनी खिशातला इअरफोन काढून कानाला लावला. त्यात गाणं चालू होतं, ते मलाही बारीक ऐकू आलं.

"कौन से लफ्ज पे काटा?" काकांनी विचारलं.

तो म्हणाला, बेइमान.

म्हणजे मस्कतभर, रुईच्या आणि हमरियाच्या दुकानांतून, वादी कबीरच्या स्वयंपाकघरांतून, लोकांनी ऐकलं की काकांचे वडील बेइमान होते. आणि नंतर गाणं. पन्नास वर्षं तोंड बंद ठेवलेल्या माणसाने ते उघडलं, ते आम्हा दोघांसाठी. मी रडले तिथेच. मला आजही त्या मॅनेजरचा संताप येतो, आणि त्याने वेगळं काय करायला हवं होतं ते सांगताही येत नाही.

मराठीचा तास बंद झाला. ते अपेक्षितच होतं. काका मात्र अर्बाबकडे गेले, मला बरोबर घेऊन. काहीच नको, म्हणाले, फक्त एक मिनिट हवं, वडिलांबद्दल खरं काय ते सांगायला. अर्बाबने आम्हाला खजूर दिले, काव्हा म्हणजे वेलदोड्याची कॉफी दिली, सगळं नीट ऐकून घेतलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी बघितलं.

"काका, हवा मेरे नाम पे है," ते म्हणाले. "मेरी नहीं है. मुझे भी किसी ने दी है. खलास, माफ करो."

काकांनी मान हलवली. ही अडचण त्यांच्याइतकी कुणाला कळणार होती?

पुढच्या शुक्रवारी सकाळी मी हमरियात भाजी घ्यायला गेले, तर काका भर गल्लीत, स्वेटर घालून. ते एकेका दुकानात शिरत होते. जिथे रेडिओ दिसेल तिथे थांबायचं, नमस्कार करायचा आणि म्हणायचं, मागच्या शुक्रवारी मराठी कार्यक्रम ऐकलात का? त्यात ज्यांना बेइमान म्हटलं, ते माझे वडील. वाचलं त्यांनी नाही, मी वाचलं. एवढं बोलून पुढच्या दुकानात. लोक गोंधळत. कुणी चहा मागवी, कुणी खुर्ची पुढे करी. शिंपी बंगाली होता, त्याला कार्यक्रमाचं काही कळलेलं नव्हतं, तो प्रत्येक वाक्याला "अच्छा अच्छा" म्हणत होता. एक ओळखीचा गोरेगावकर मला बाजूला घेऊन म्हणाला, "वहिनी, म्हाताऱ्याला घरी न्या. मुलगा आहे, बापाची बाजू घेणारच. कोण खरं मानणार?"

तेच तर होतं. कुणी खरं मानत नव्हतं. जितकं जास्त सांगत, तितके काका लोकांना चांगले वाटत आणि वडील तितकेच बेइमान राहत. मी त्यांचा हात धरला. म्हटलं, काका, पुरे, चला. त्यांनी हात सोडवून घेतला.

परकारांच्या दुकानासमोर आम्ही आलो तेव्हा चाचा आत गादीवर बसले होते. काका पायरीशी थांबले. या एका दुकानात सांगण्यासारखं काही नव्हतं. चाचा उठले, चपला पायात सरकवल्या आणि बाहेर आले.

"तुला मी माफ केलेला नाय," ते म्हणाले. "करणार पण नाय. चल."

आणि पुढच्या दुकानात काकांच्या आधी तेच शिरले. दुकानदार महाडचा होता, त्याने तो कार्यक्रम ऐकला होता. तो चाचांना बघून उठून उभा राहिला.

"मागच्या शुक्रवारी मी रेडिओवर एका मेलेल्या माणसाला बेइमान बोललो," चाचा म्हणाले. "ते मी मागे घेतो. त्याने वाचायला नकार दिलान. माझ्या बापाचं नाव ज्यानं घेतलान तो दुसरा व्हता."

"दुसरा कोण?" दुकानदाराने विचारलं.

चाचा दारातून बाजूला झाले, म्हणजे मागे उभे असलेले काका त्याला नीट दिसावेत.

"हा," ते म्हणाले.